थेंबानं काढलेला फोटो

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा मावशी आमच्याकडे आष्ट्याला राहायला आली होती. तिचं घर कृष्णाकाठच्या गावात. पूर ओसरल्यावर चिखल काढायला आम्ही सगळेच गेलो. घरातल्या दोन तसबिरी मी अंगणात आणून ठेवल्या. एक तिच्या लग्नातला फोटो, सांगलीच्या कलर लॅबमध्ये केलेला. बादलीतल्या स्वच्छ पाण्यात तो अलगद हलवला, चिखल तळाला बसला आणि मुंडावळ्या बांधलेली मावशी होती तशी वर आली. चिमटा लावून दोरीवर सावलीत वाळवला. दुसरा फोटो काकांचा. ते गेल्यावर मीच तो घरच्या प्रिंटरवर काढून, चौकट करून दिला होता. त्या काचेमागं आता नुसता गुलाबी-निळा ढग होता. डोळे कुठं, मिशा कुठं, काही कळत नव्हतं.

"असू दे रं," मावशी म्हणाली. "मोबाइलात हाय न्हवं तुझ्या? दुसरा काढ."

दुसरा काढायचा, पण कशावर? सोयरीक जुळवताना आपल्याकडे आधी कूळ बघतात. प्रिंटरचं कूळ मी कधी विचारलंच नव्हतं. दुकानात दाखवलं, स्वस्त वाटलं, घेतलं.

आमच्या लहानपणी फोटो छापत नसत, धुवत. 36 फोटोंचा रोल संपला की सांगलीला धुवायला द्यायचा. तो शब्द अगदी बरोबर होता. लॅबच्या कागदावर चांदीच्या क्षारांचा जिलेटिनमध्ये कालवलेला थर असतो. त्यावर उजेड पडतो, मग रसायनांच्या पाण्यात चित्र उमटतं. जन्मच पाण्यात, म्हणून पुराच्या पाण्यालाही ते बऱ्यापैकी पुरून उरतं. फक्त ओले फोटो एकमेकांवर ठेवून वाळू द्यायचे नाहीत, नाहीतर जिलेटिन चिकटून सगळा गठ्ठा एक होतो. या सगळ्या कामात शाईचा संबंध कुठंच येत नाही. शाईचं कूळ निराळं. शब्दाचं मूळही फारसीतल्या सियाहीत, म्हणजे काळेपणात. तिचा जन्म लिहिण्यासाठी, चेहरे काढण्यासाठी नव्हे.

माझा प्रिंटर इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवणारा. त्याचा मूळपुरुषही लिहिणाराच होता. समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारेतून येणारा विजेचा संदेश इतका क्षीण असायचा, की लेखणी कागदाला टेकली तर त्या घासण्यानंच ती अडून बसायची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1867 साली यावर तोड काढली. केसासारखी बारीक काचेची नळी कागदाला न टेकता वर तरंगत ठेवायची आणि शाईला विद्युतभार द्यायचा. मग शाई आपणच बारीक थेंबांनी कागदावर उडी घेते. या यंत्राचं नाव सायफन रेकॉर्डर. 1870 साली एडन ते मुंबई तार समुद्रातून टाकली गेली आणि मुंबई-लंडन जोडली गेली. त्याच साखळीच्या विलायतेकडच्या टोकाला, पोर्थकर्नो इथं, त्याच वर्षी हे यंत्र बसलं होतं. कागदाला न शिवता उडवलेला शाईचा थेंब ही कल्पना तेव्हापासूनची.

पुढं 1878 च्या सुमारास लॉर्ड रॅली यांनी बारीक धार तुटून तिचे थेंब का आणि कसे होतात, त्याचं गणित मांडलं. आमच्या भागात फवारणी करणाऱ्याला हे गणित हातानं माहीत आहे. भोक केवढं, दाब किती, यावर थेंब ठरतो. नोझल हा शब्दही त्याला नवा नाही. ऊस, हळद, द्राक्ष करणाऱ्यांच्या तोंडी तो रोजचा. 1951 साली स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी अशा बारीक शाईच्या धारेनं हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. याच माणसानं 1958 साली शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर केला. घरच्या प्रिंटरच्या वंशावळीत असा माणूस निघेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

इथवरची सगळी यंत्रं रेघा ओढणारी. हवा तेव्हा, हवा तिथं एकच थेंब सोडायचा, हे साधलं 1970 च्या दशकात, आणि तिथं घराण्याच्या दोन शाखा झाल्या. पहिली तापवणारी. कॅनन कंपनी सांगते ती हकिकत अशी: 1977 साली त्यांच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं आणि शाई फुर्रकन उडाली. नोझलमागची शाई क्षणभर तापवायची, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब ढकलतो. एचपीमध्येही त्याच सुमारास हीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली. 1984 साली त्यांचा थिंकजेट बाजारात आला.

दुसरी शाखा पिळणारी, आणि तिला नावारूपाला आणणारं घर घड्याळजींचं. काही पदार्थांना वीज दिली की ते किंचित आकसतात-फुगतात. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळाचं काळीज तेच. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेइको समूहानं वेळ मोजून कागदावर छापणारी यंत्रं केली. त्या अनुभवातून 1968 साली ईपी-101 हा चिमुकला प्रिंटर निघाला, आणि त्याची लेकरं म्हणून 1975 साली एप्सन हे नाव आलं. ईपीचा सन, म्हणजे ईपीचा मुलगा. कुळाचं नाव इतक्या उघडपणे लावणारी कंपनी दुसरी मला आठवत नाही. या शाखेत शाई तापत नाही. नोझलमागचा पडदा विजेनं हलतो आणि थेंब पिळून बाहेर पडतो. 1994 च्या स्टायलस कलरनं इंचात 720 ठिपके टाकले, आणि लोकांना पहिल्यांदा वाटलं की यावर फोटोही काढता येईल.

वाटलं, पण गाल बिघडत होते. गोऱ्या गालावर गडद लालसर ठिपके विरळ टाकले की रवाळ दिसतात. म्हणून 1996 च्या स्टायलस फोटोत निळा, लाल, पिवळा, काळा यांच्या जोडीला फिकट निळा आणि फिकट लाल आले. ही अक्कल जुनीच. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या घराघरांत पोचल्या. त्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे, आणि अंगकांतीसाठी शिळाछापाचे कारागीर फिकट छटांचे जादा दगड करत. देवघरातल्या लक्ष्मीच्या गालामागं जी युक्ती होती, तीच सहा बाटल्यांच्या प्रिंटरमागं आहे. हळदीच्या कार्यक्रमातला नवरीचा फोटो चार रंगांवर आणि सहा रंगांवर काढून शेजारी ठेवा. कपाळाचा उजेड जिथं पिवळ्यातून कातडीच्या रंगात उतरतो, तिथं फरक दिसेल.

बाटल्यांची कथा आपल्या जवळची. कार्ट्रिज महाग, म्हणून आशियातल्या गल्लीबोळांतले कारागीर प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडत. सलाइन लावल्यासारखे ते प्रिंटर आमच्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतही असत. कंपनीनं शेवटी हा जुगाड आपलासा केला. एप्सननं 2010 साली इंडोनेशियात टाकी असलेले प्रिंटर आणले आणि लगोलग ते भारतातही आले. गल्लीतल्या माणसाची गरज कंपनीला वाकवते, याचं मला मनापासून कौतुक आहे. सहा रंगांच्या एल 800, एल 805 वर गावोगावच्या स्टुडिओंनी पासपोर्ट फोटो काढले, आणि सीडी छापायच्या ट्रेमध्ये पीव्हीसी कार्ड बसवून आधारकार्डंही.

माझी चूक मला इथं सापडली. माझा प्रिंटर टाकीचाच, पण चार रंगांचा, ऑफिसच्या कागदांसाठी घडवलेला. अशा बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण, डाय म्हणजे विरघळलेला रंग. ती काळी शाई चकचकीत फोटो पेपरवर नीट बसत नाही, म्हणून यंत्र तीन रंग मिसळून काळा करतं. काकांच्या मिशा म्हणूनच मुळात तपकिरी आल्या होत्या. आणि सगळा फोटो डायचा, म्हणून पाण्यात गेला. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न ठिपके किती हा नको. रंग किती, आणि काळी शाई कुठली, हे विचारा. सहा रंगांच्या यंत्रात थेंब दीड पिकोलिटरपर्यंत लहान असतो, केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्याहून बारीक पाहणारे डोळे आपल्याला नाहीत. सगळे रंग पिगमेंटचे असलेले फोटो प्रिंटरही मिळतात. ते पाण्याला आणि उजेडाला जास्त टिकतात, पण महाग आहेत.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: महिन्याला किती फोटो काढणार? वर्षातून दोन बारशी आणि एक लग्न एवढंच असेल, तर घरी यंत्र घेऊच नये. न वापरलेलं नोझल वाळतं. नोझल चेकचा कागद काढला, की सरळ रेघांच्या जाळीत मधेच रेघ गायब दिसते. ड्रीपची नळी अंथरलेल्या शेतात एक ड्रीपर तुंबावा आणि तेवढाच उसाचा बुडखा सुकावा, तशी. मग हेड क्लीनिंग करायचं, आणि त्यात खर्ची पडणारी शाई आतल्या पॅडमध्ये जिरते. पॅड भरल्याची नोंद झाली की यंत्र काम थांबवतं. आठवड्याला एक मॅक्सी, म्हणजे 4 बाय 6 चा रंगीत फोटो काढला तरी नोझलं वाहती राहतात. आणि भिंतीवरचं बटण थेट बंद करू नये. प्रिंटरच्या बटणानं बंद केला तरच हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी बसते. लाइट जाण्याला इलाज नाही. आली की एकदा चालू करून नीट बंद करावा.

आमच्या घरी आता सहा रंगांचा आहे. पोरांच्या शाळेचे, जत्रेचे, शेतातले फोटो त्यावर निघतात आणि अल्बममध्ये जातात. काकांचा फोटो मात्र मी सांगलीला नेला. लॅबमध्येही हल्ली इंकजेटवर चालणारी यंत्रं असतात, म्हणून काउंटरवर विचारून घेतलं, चांदीच्या कागदावर, धुऊनच पाहिजे. मिशा काळ्याभोर आल्या.

मावशीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ तेव्हा अजून दिसत होती. मी जुन्याच खिळ्याला चौकट अडकवायला गेलो, तर तिनं हातोडी आणून दिली. नवा खिळा तिनं रेघेच्या वर हातभर उंच ठोकून घेतला.