चाप ओढला, 'टक्' झालं, पण गोळी सुटलीच नाही! रिव्हॉल्व्हर ऐनवेळी दगा का देतं?

"पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही." शस्त्र परवाना घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. त्यात तथ्य आहेच. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिन नसतं, सरकणारी स्लाइड नसते. चाप ओढला की सहा घरांचं सिलिंडर एक घर पुढं फिरतं, घोडा मागं जातो आणि काडतुसाच्या बुडावर आपटतो. विषय संपला.

पण या साध्या साखळीतली एक कडी जरी सैल झाली, तरी स्वसंरक्षणासाठी घेतलेलं शस्त्र निव्वळ लोखंडाचा तुकडा ठरतं. आणि ही कडी बऱ्याचदा मालकच सैल करून घेतो, हौसेपोटी.

आपल्याकडं नागरी परवान्यावर मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२ बोअरचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं मॉडेल मधोमध मोडून उघडतं, त्याची मूळ घडण ब्रिटिश वेबली रिव्हॉल्व्हरवरून घेतलेली. २०१४ साली महिलांसाठी म्हणून आलेलं 'निर्भीक' त्याच घराण्यातलं. कारखान्यातून येताना या रिव्हॉल्व्हरचा चाप जड लागतो. तिथून 'मॉडिफिकेशन' सुरू होतं. कुणी चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग घासून घेतो, कुणी क्रोम चढवतो, कुणी मूठ बदलतो.

चाप हलका झाला की मालक खूश. पण घोड्याला जोर देणारी स्प्रिंग तीच असते. ती कमजोर झाली की घोडा पडतो, पण काडतुसाच्या बुडातली टोपी, म्हणजे प्रायमर, फुटेल इतका जोर राहत नाही. 'टक्' होतं आणि बास.

दोष कुठं आहे हे कळायला न फुटलेलं काडतूस पुरेसं असतं. टोपीवरचा खड्डा उथळ असेल तर संशय स्प्रिंगवर किंवा पिनेवर. खड्डा नेहमीसारखा खोल असूनही बार झाला नसेल तर बहुधा काडतूसच खराब. आणखी एक खूण आहे. घोडा हातानं मागं ओढून ठेवला तर बार होतो, पण नुसता चाप ओढला तर होत नाही, असं असेल तर स्प्रिंगच कमी पडतेय. कारण नुसता चाप ओढल्यावर घोडा थोडा कमी अंतर मागं जातो, त्यामुळं फटकाही हलका बसतो.

काडतूस खराब का होतं, याचं उत्तर कराडकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं गाव, पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट. लोक रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरात घालून तसंच कपाटात ठेवतात. चामडं ओल धरतं, पोलादावर गंज येतो, पितळी काडतुसावर हिरवट थर चढतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. ते काही आठवड्यांनी परत येतं आणि न बघताच कपाटात जातं. त्यावर उपाय म्हणून काही जण सायकलच्या चेनला घालावं तसं तेल ओततात. तेल टोपीत झिरपलं की काडतूस मेलं. हलका हात फिरवून तेल पुसून काढायचं, काडतुसं कोरडी आणि वेगळी ठेवायची.

सिलिंडर फिरतच नसेल तर कारणं वेगळी. न जळलेल्या दारूचे कण रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढणाऱ्या चकतीखाली अडकतात, एखाद्या काडतुसाची टोपी वर आलेली असते, नाहीतर क्रोमच्या थरानं घरं अरुंद झालेली असतात. बार होताना बाजूला शिशाचे कण उडत असतील, तर सिलिंडरचं घर नळीच्या नेमकं समोर येत नाहीये. मग एकही गोळी पुढं झाडायची नाही.

सगळ्यात धोकादायक म्हणजे 'फुस्स' असा बारका आवाज. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटते. आणि नुसतं 'टक्' झालं तर? लगेच दुसऱ्यांदा चाप ओढायचा नाही, उघडून बघायचंही नाही. काही काडतुसं उशिरा पेटतात. तोवर सिलिंडर पुढं सरकलं असेल, तर तो बार नळीत न जाता भलतीकडं जातो. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबायचं.

बिघडलेल्या रिव्हॉल्व्हरनं इतिहासातही हजेरी लावली आहे. २० जानेवारी १९४८ च्या सकाळी गांधीहत्येच्या कटातली मंडळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या जंगलात शस्त्रं तपासत होती. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे यानं कोर्टात सांगितलं, की गोपाळ गोडसेच्या रिव्हॉल्व्हरचं चेंबरच बाहेर येईना. बडगेच्या रिव्हॉल्व्हरमधून शंकर किस्तय्यानं झाडावर नेम धरला, तर गोळी वाटेतच पडली. मग तेल आणि चाकू मागवून तिथंच दुरुस्ती सुरू झाली, तेवढ्यात वनरक्षक आले. त्या दिवशी बॉम्ब फुटला, पण गांधीजी वाचले. दहा दिवसांनी नथुराम आला तो बेरेटा पिस्तूल घेऊन.

आज कुणी असं तेल-चाकू घेऊन बसलं, तर प्रकरण थेट कायद्यात जातं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची दुरुस्ती, बदल किंवा चाचणी करायला वेगळा परवाना लागतो. जवळ बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्यास किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. गल्लीतल्या लेथवाल्याकडं शस्त्र सोपवलं तर कलम २९ मुळं देणाराही अडकतो. लग्नात हवेत बार काढून 'चालतंय का बघू' म्हणणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे घरी करायचं ते इतकंच : रिकामं करून पुसणं, काडतुसं बदलणं, खुणा टिपून ठेवणं. बाकीचं काम परवानाधारक शस्त्र दुरुस्तीकाराचं. त्याच्याकडं जाताना मूळ परवाना सोबत ठेवायचा, त्याचा परवाना बघायचा आणि शस्त्राचा क्रमांक लिहिलेली पावती घेऊनच बाहेर पडायचं. घासलेली स्प्रिंग पुन्हा ताणून मिळत नाही, मूळ मापाची नवीनच बसवून घ्यावी लागते.