एका बटणाचा जमाखर्च

इतिहासात खारेपाटणचं नाव आहे ते एका ताम्रपटामुळे. एरवी मुंबईहून गोव्याकडे जाताना सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे पहिलं गाव, एवढीच आमची ख्याती. एसटीतला प्रवासी इथे एक डोळा उघडतो, 'आलं का सिंधुदुर्ग?' असं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा मिटतो. पण शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मध्ये शिलाहार राजा रट्टराज याने एक दान दिलं आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलं. तो पत्रा आमच्या गावात सापडला आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना खारेपाटणला उतरणं भाग पडलं. रट्टराजाने त्यात आपली वंशावळ दिली आहेच, शिवाय राष्ट्रकूटांचीही दिली आहे. कोकणी माणूस कागद करायला बसला की शेजाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढतो, ही परंपरा हजार वर्षांची आहे.

एकोणिसाव्या शतकात हा ताम्रपट बाळशास्त्री जांभेकरांनी वाचून प्रसिद्ध केला. 'दर्पण'कार बाळशास्त्री देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. मला कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं. आठशे वर्षांहून जुनी वस्तू त्यांच्यासमोर आली आणि ती लगेच 'चालू' झाली! चार्जिंग नको, आधी अमुक दाबा नि मग तमुक धरून ठेवा अशी भानगड नको. लिपी वाचता येत असली की पुरे. या गावातलं हे सर्वांत जुनं रेकॉर्ड, आणि वापरायला सर्वांत सोपं.

हे सुचण्याचं कारण म्हणजे गाणी वाजवणारी एक प्लास्टिकची डबी. ती सध्या आमच्या घरात आहे. मी बँकेतला कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध जुनी लेजरं झटकण्यापुरताच. पण जमाखर्च मला कळतो. एका ठिकाणी जमा झालं की दुसऱ्या ठिकाणी नावे पडतंच, हा दुहेरी नोंदीचा नियम. तो लावून या यंत्रांचा इतिहास वाचला, तर त्यात एक गंमत सापडते.

एडिसनने फोनोग्राफ केला १८७७ साली. पुढे दहा वर्षांनी बर्लिनरने तबकडीचा ग्रामोफोन काढला. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं. नंतर पेटीसारखा मिटणारा, कडी धरून उचलून न्यायचा पोर्टेबल ग्रामोफोन आला. त्याचे लाड काही कमी नव्हते. दर वेळी चावी द्यायची, बाजू बदलली की सुई बदलायची, आणि एवढं करून गाणं तीन-साडेतीन मिनिटांत खलास. पण काय केल्याने काय होतं, हे डोळ्यांना दिसायचं. चावी कमी पडली की बाई पुरुषाच्या आवाजात गायला लागायची आणि घरातलं शेंबडं पोरही धावत जाऊन चावी द्यायचं. त्या कंपनीच्या चित्रातला कुत्रा आठवा. चित्रकार बॅरोने तो आधी फोनोग्राफसमोर बसवला होता. १८९९ साली कंपनीच्या सांगण्यावरून फोनोग्राफ पुसून तिथे ग्रामोफोन रंगवला. यंत्र बदललं तरी कुत्रा जागचा हलला नाही. आवाज कुठून येतो हे त्याला दोन्ही वेळा बरोबर कळलं होतं! यंत्र सोपं आहे की नाही, याची यापेक्षा कडक परीक्षा अजून निघालेली नाही.

मग आला ट्रान्झिस्टर. अमेरिकेत खिशात मावणारा रेडिओ १९५४ साली बाजारात आला. आपल्याकडे पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभर घराघरांतले मोठे रेडिओ दिव्यासारखे पुजले गेले. ट्रान्झिस्टर कोकणात यायला वेळ लागला, पण आला तो गोठ्यापर्यंत गेला. त्याला दोन चाकं: एक आवाजाचं, एक स्टेशनचं. सरकारचा परवाना लागायचा, त्याची फी पोस्टात भरावी लागायची, हे खरं. पण परवाना मिळवणं अवघड नि रेडिओ लावणं सोपं, असा त्या काळाचा न्याय होता. आज परवाना नाही. त्याची कसर यंत्राने भरून काढली आहे.

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली. ती करणारे लू ऑटेन्स यांनी म्हणे आधी लाकडाचा एक ठोकळा कापून कोटाच्या खिशात घालून पाहिला. हा मावला, आता यंत्र एवढंच करायचं! म्हणजे आधी माणसाचा खिसा, मग यंत्र. कॅसेट गुंतली तर षट्कोनी पेन्सिल घालून फिरवावी, हे आमच्या पिढीला बाराखडीबरोबरच आलं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या गवयांच्या पंगतीत गावोगावचे भजनी बुवाही येऊन बसले. सोनीने वॉकमन काढला १ जुलै १९७९ला. त्या पहिल्या वॉकमनला कानाच्या तारा लावायला दोन भोकं होती, आणि नारिंगी रंगाचं एक बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू होई आणि दोघांना आपसांत बोलता येई. नवरा-बायकोने एकत्र गाणं ऐकावं, मध्येच भांडावं, पुन्हा ऐकावं, एवढी संसारी दृष्टी त्या जपानी बटणात होती.

इथपर्यंत दर कामाला एक बटण होतं. कॅसेटच्या यंत्राला पाच-सहा बटणं हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी ओळीने असत. अंधारात बोटाने मोजून लावता येत. 'प्ले' दाबलं की खटकन आत बसे, 'स्टॉप' दाबलं की टुणकन वर येई. म्हणजे पैसे भरल्यावर पावती मिळाल्यासारखं.

१९९५ साली जर्मनीतल्या संशोधकांनी आपल्या फायलींना 'एमपीथ्री' हे शेपूट लावलं, १९९८ साली असल्या फायली वाजवणारी डबी कोरियातून आली, आणि गाण्याला वजन उरलं नाही. दहा गाण्यांच्या कॅसेटच्या जागी नखाएवढ्या कार्डात हजारो गाणी बसली. गाणी वाढली तशी बटणं वाढायला हवी होती. पण ती कमी होत गेली. अॅपलने २००९ साली आपल्या धाकट्या आयपॉडवरची गाणं चालवायची बटणं काढून कानाच्या तारेवर नेली. वर्षभरातच, २०१०च्या नमुन्यात, ती मुकाट्याने परत आणली. श्रीमंताला चूक परवडते. आमच्या बाजारपेठेत येणाऱ्या तीनशे-चारशे रुपयांच्या डबीला दुरुस्तीचं पुढचं वर्ष नसतं.

आमच्याकडची डबी मुंबईच्या भाच्याने गणपतीत आजीसाठी आणली. 'मामा, एकदम सोप्पंय!' असं म्हणून तो पाचव्या दिवशी गौरीबरोबर निघून गेला. डबीवर लांबट, एकसंध, गुळगुळीत असं एकच बटण. डावं टोक थोडं दाबलं तर मागचं गाणं, धरून ठेवलं तर आवाज कमी. उजवं टोक थोडं दाबलं तर पुढचं गाणं, धरून ठेवलं तर आवाज मोठा. मधोमध दाबलं तर थांबणार, दोनदा दाबलं तर रेडिओ, तीन सेकंद धरलं तर बंद. 'थोडं' म्हणजे किती, ते त्या डबीला नि तिच्या निर्मात्याला ठाऊक. एका बटणाला सात कामं! आमच्या बँकेच्या भाषेत याला 'सिंगल विंडो' म्हणतात. त्या खिडकीत मीच बसतो, म्हणून त्या बटणाबद्दल मला मनातून सहानुभूतीच आहे.

चालू करताच डबीतली बाई इंग्रजीत ओरडते. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "ही बाय कोण? आणि इतक्या रागान कित्याक बोलता?"

आईला त्यातलं एकच गाणं हवं होतं. गाणं कसलं, आमच्या अण्णांचा गजर. अण्णा भजनी बुवा. एका सप्ताहात देवळात झालेली त्यांची बारी कोणीतरी कॅसेटवर उतरवून घेतली होती. अण्णा गेले, टेपरेकॉर्डर गेला, कॅसेट तेवढी राहिली. तिची फाईल करून आणली आणि भाच्याने भरलेल्या सहाशे चाळीस गाण्यांत ती टाकली. डबीच्या चिमुकल्या पडद्याला देवनागरी येत नाही. अण्णांचं नाव मी मराठीत लिहिलं होतं. पडद्यावर नुसते रिकामे चौकोन दिसले. शोधायचं म्हणजे उजवं टोक सहाशे चाळीस वेळा दाबायचं. त्यात एकदा दाब लांबला की आवाज वाढतो, आई दचकते, बोट घसरतं आणि डबी बंद होते. पुन्हा चालू केली की आधी ती रागीट बाई आणि मग पहिल्यापासून सुरुवात. आधी कुठे होतो, ते लक्षात ठेवण्याचा खर्चही निर्मात्याने वाचवलेला.

तिसऱ्या दिवशी आईने डबी खाली ठेवली. "तुझ्या बापाशीक शोधूक माका लग्नातसुद्धा इतको येळ लागलो नाय," म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही.

आता जमाखर्च मांडतो. कारखानदाराने बटणं वाचवली, ती त्याच्या खात्यात जमा. बरा पडदा वाचवला, जमा. डबी स्वस्त झाली, आपण खूश. पण नावे कोणाच्या? तरुण माणूस सात खुणा पाठ करतो, त्याच्या खात्यावर फारसं काही पडत नाही. सगळी रक्कम जाऊन पडते ती एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलेल्या, बोटं वाकड्या झालेल्या माणसाच्या नावावर. आणि ते वसूल होतं ते पैशांत नाही, गाण्यांत होतं. यंत्र चालू स्थितीत समोर असतं, गाणं आत असतं, आणि माणूस गप्प बसून राहतो. 'मला काय करायचंय आता गाणी ऐकून' असं तो म्हणायला लागतो, आणि आपल्याला वाटतं की वय झालं.

हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही असं नाही. २०१७ साली सारेगामा कंपनीने, म्हणजे त्याच कुत्र्याच्या कंपनीच्या वारसाने, 'कारवाँ' नावाची जुन्या रेडिओसारखी पेटी काढली. आत पाच हजार गाणी भरलेली, बाहेर गायकांची नावं लिहिलेली आणि फिरवायला मोठं चाक. पुढे मराठी गाण्यांचीही पेटी आली. ती लाखांनी खपली. लोकांनी जास्त पैसे मोजले ते गाण्यांसाठी असं कंपनी म्हणेल. मला वाटतं, चाकासाठी मोजले. फक्त, त्या पाच हजारांत आमचे अण्णा नाहीत.

तेव्हा मी कारकुनी उपाय केला. असल्या डब्या गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, कार्डात ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजवतात. आणि बंद केलं की सगळं विसरून पहिल्यावर येतात. हे दोन्ही दोष मी कामाला लावले. कार्ड पुसून साफ केलं, पहिल्यांदा अण्णांना भरलं, मागून अकरा अभंग. बाकीची गाणी भाच्याला परत. सौभाग्यवतीच्या पाकिटातली खड्याची एक टिकली बटणाच्या मधोमध चिकटवली आणि आईला सांगितलं, 'टिकली लागली की दाबून धर, बाकी कुठे हात लावू नकोस.'

इंग्रजी बाई ओरडली. मग झांजा वाजल्या, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या देवळातून अण्णांनी सूर लावला. आईने टिकलीवर अंगठा तसाच ठेवला होता. थोड्या वेळाने म्हणाली, "हां, आता गावले."