कुंथलगिरी खवा

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी आणि आसपासच्या गावांत शेतकरी कुटुंबांच्या दुधापासून भट्टीवर आटवला जाणारा खवा. 2024 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

कुंथलगिरी ही बालाघाटाच्या रांगेतील टेकडी दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींना इथे मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनाही (उपवास करत व्रतपूर्वक केलेला देहत्याग) 1955 मध्ये इथेच झाली. दर्शनाला आलेला माणूस पेढ्याचा पुडा घेऊनच परततो. सोलापूर-बीड रस्त्यावरच्या सरमकुंडी फाट्यावरही या खव्याचे पेढे मिळतात.

हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस दगा देतो, पण दावणीला दोन-चार जनावरे असली की ज्वारीच्या कडब्यावर घर तरते. दुधाची अडचण वेगळी: उन्हाळ्यात ते काही तासांत नासते आणि मोठी शहरे लांब. खव्याने ही अडचण सोडवली. गायीच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते. ते भट्टीवर उडवले की पाच-साडेपाच लिटरांचा किलोभर खवा होतो. म्हशीचे दूध दाट, त्यामुळे ते चार-साडेचार लिटरांत भागते. वजन घटते, माल दोन-चार दिवस टिकतो आणि एसटीच्या टपावरूनही बाजार गाठू शकतो.

कौशल्य सगळे कढईपाशी असते. पसरट कढईत एका वेळी थोडेच दूध घेतात. जाळ मोठा ठेवून उलथन्याने ते सतत हलवायचे, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधात ढकलायची. हात क्षणभर थांबला तर तळ लागतो आणि करपट वास अख्ख्या घाण्याला येतो. दूध रबडीसारखे झाले की सरपण मागे ओढतात. मग बुडबुडे जड होतात, गोळा कढईची कड सोडू लागतो, त्याच्या अंगावर तूप चमकते. नेमक्या त्या वेळी कढई उतरवायची, ही पारख बघून बघूनच येते. साखर यात घालत नाहीत. ताज्या खव्याचा गोडवा दुधाचाच असतो. पेढ्याला दाणेदार खवा लागतो, गुलाबजामला मऊ आणि ओलसर.

कायद्यानुसार खव्यात स्निग्धांश कोरड्या वजनाच्या किमान 30 टक्के हवा; वनस्पती तेल आणि स्टार्च चालत नाही. खवा पाण्यात उकळून, गार झाल्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि रंग निळा झाला, तर त्यात पीठ आहे. सणासुदीला खव्याची मागणी वाढते आणि भेसळही. तिचा पहिला फटका प्रामाणिक भट्टीवाल्याला बसतो, कारण बनावट मालाशी भावात तो टिकत नाही.

मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते व तिचे नूतनीकरण करता येते. ठरलेल्या क्षेत्रातले उत्पादक अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवू शकतात. ही नोंद मिठाईच्या दुकानांपुरती राहू नये. पहाटे धार काढून भट्टीवर कॅन पोचवणाऱ्या बाईच्या दुधाला चढा दर मिळाला, तरच त्या नावाचा मोबदला खरा.