दरीपासून न्यायाधिकरणापर्यंत

डिसेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मजुराच्या बाजूने निकाल दिला. कामाच्या शोधात गाव सोडून नैनिताल जिल्ह्यात आलेला हा माणूस वाहन अपघातात जखमी झाला होता. त्याने तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागितली आणि न्यायाधिकरणाने ती मंजूरही केली. विमा कंपनी अपिलात गेली, तेव्हा उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ती भरपाई रद्द केली. त्याची दुखापत खोटी ठरली नव्हती की चालक निर्दोष ठरला नव्हता. अपघात न्यायाधिकरणाच्या हद्दीबाहेर घडला, म्हणून दावा तिथे चालायलाच नको होता, एवढेच कारण होते.

न्या. एस. बी. सिन्हा यांच्या खंडपीठाने हा निर्णय फिरवला. पोटासाठी फिरणारा मजूर जिथे राबतो तिथे राहतोही, हे वास्तव खंडपीठाने ध्यानात घेतले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ चा आधार घेऊन त्यांनी उच्च न्यायालयाने विचारायला हवा होता तो प्रश्न पुढे ठेवला: दावा या जागी चालल्यामुळे विमा कंपनीचे नेमके काय बिघडले? काहीच बिघडले नसेल, तर केवळ हद्दीच्या मुद्द्यावर जखमी माणसाच्या हातातली भरपाई काढून घेता येत नाही.

डोंगरातल्या गावात अपघात झाल्यावर माणसाला कायद्याची मदत कशी मिळते, किंवा कुठे अडते, हे शोधायचे तर असे निकाल आणि वेळोवेळी बदललेली कलमे हाच भक्कम आधार आहे. पण या आधाराची मर्यादाही मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्याचाच कागद छापला जातो. जो पहिल्या पायरीवर परत फिरला, त्याच्या नावाचा कागद तयारच होत नाही. म्हणून या निकालांतून लढलेल्यांची कहाणी कळते, आणि न लढलेल्यांची अडचण कलमांच्या जुन्या शब्दांवरून ताडावी लागते.

हद्दीचेच पाहा. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तेव्हा जिथे अपघात घडला तिथल्याच न्यायाधिकरणाकडे दावा करावा लागे. थंड हवेच्या ठिकाणी याचा अर्थ काय होता, ते सहज कळते. तिथे जखमी होणाऱ्यांत परगावचे लोक पुष्कळ असतात: पर्यटक, यात्रेकरू, हंगामी कामगार, मालवाहू गाड्यांवरचे क्लीनर. पुण्याहून मनालीला गेलेल्या कुटुंबाची गाडी उलटली, तर त्याने प्रत्येक तारखेला हिमाचल गाठावे अशी कायद्याची अपेक्षा होती. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाकडून ती पूर्ण होणे कठीणच. १९९४ च्या दुरुस्तीने हे बदलले. १४ नोव्हेंबर १९९४ पासून दावेदाराला तीन पर्याय मिळाले: अपघाताची जागा, स्वतःच्या राहण्याची किंवा कामधंद्याची जागा, किंवा प्रतिवादीची जागा. पुण्याच्या माणसाला पुण्यात दावा करता येऊ लागला. माझ्या मते या कायद्याच्या साऱ्या इतिहासात डोंगरात जखमी झालेल्या माणसाला सर्वांत उपयोगी पडलेली ओळ हीच. नैनितालच्या मजुराला मात्र ही ओळ पुस्तकात असूनही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

मुदतीची गोष्ट याहून लांबची आहे आणि मला ती अधिक अस्वस्थ करते.

इंग्रजी अमदानीत १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा होता. मृताच्या बायकोमुलांना, आईवडिलांना दिवाणी दावा करता येई, पण कोर्ट फी भरून आणि १९०८ च्या मुदत कायद्यानुसार एका वर्षाच्या आत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात विम्याची सक्ती आली. ते प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आले. विमा आला तरी भरपाईचा रस्ता दिवाणी कोर्टातूनच जात होता. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची तरतूद केली, म्हणजे मोटार अपघातग्रस्तांसाठी वेगळे दार उघडले. पण त्या दारावर मुदत लिहिली होती साठ दिवसांची. पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ होई, हे खरे. तरी घरचा कर्ता गेल्यावर साठ दिवसांत वकील शोधायचा, एफआयआरची आणि शवविच्छेदन अहवालाची नक्कल मिळवायची आणि अर्ज करायचा, हे डोंगरातल्या खेड्यातून किती जणांना जमले असेल? १९६९ च्या दुरुस्तीने ही मुदत सहा महिन्यांवर नेली. १९८८ च्या कायद्याने सहा महिने कायम ठेवले, पण उशीर माफ करण्याला बारा महिन्यांची कमाल मर्यादा घातली. १९९४ मध्ये संसदेने मुदतीचे पोटकलमच काढून टाकले. अपघात खरा असेल तर दावा उशिरा आला म्हणून फेकायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. सत्तावीस वर्षांहून अधिक काळ हा नियम टिकला.

२०१९ च्या दुरुस्तीने मुदत परत आणली. १ एप्रिल २०२२ पासून दावा पुन्हा अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. साठ दिवसांपासून निघालेला कायदा मुदत वाढवत वाढवत तिच्यातून मोकळा झाला होता. तो सहा महिन्यांवर का परतला, याचे पटणारे उत्तर मला सापडत नाही. दावे लवकर निकाली निघावेत हा हेतू असेल, तर दिरंगाई न्यायाधिकरणात आणि अपिलात होते, जखमीच्या खाटेवर नव्हे. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळून तीतला प्रवासी मरण पावला. त्याच्या विधवेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळाला तो १९७७ मध्ये. अर्ज आणि अंतिम निकाल यांच्या मधली ती वर्षे कोणत्याही मुदतीने वाचली नसती.

याच नागपूर-पांढुर्णा प्रकरणाने पुराव्याबाबत मोठे काम केले. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की एरवी निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असतो. पण जिथे घटनाच स्वतःबद्दल बोलते, म्हणजे मोटार रस्ता सोडून झाडावर जाते, तिथे खुलासा देणे चालकाच्या बाजूवर येते. घाटातल्या अपघातांत हे तत्त्व फार मोलाचे आहे. दरीत कोसळलेल्या गाडीला बऱ्याचदा साक्षीदार नसतो. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली. तीस जण दगावले, एक जण वाचला. अशा जागी न्यायाधिकरणासमोर पुरावा म्हणून उरतो तो घटनास्थळाचा पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा गाडीच्या तपासणीचा अहवाल आणि शवविच्छेदन. जुलैच्या पावसात टायरच्या खुणा टिकत नाहीत, गाडी वर काढेपर्यंत तिची अवस्था बदलते. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा मागितला, तर घाटातला एकही दावा तग धरणार नाही.

हिमाचलच्या राज्य परिवहन महामंडळाविरुद्धच्या एका दाव्यात नेमके हेच घडले होते. एका पोलीस शिपायाचा मृत्यू महामंडळाच्या बसमुळे झाला, असे त्याच्या पत्नीचे म्हणणे होते. न्यायाधिकरणाने ते मानले. उच्च न्यायालयाने शवविच्छेदन अहवाल आणि अर्जातला मजकूर यांतल्या विसंगतीवर बोट ठेवून ते नाकारले. एप्रिल २००९ मध्ये, नैनितालच्या निकालानंतर चारच महिन्यांनी, न्या. सिन्हा यांच्याच खंडपीठाने न्यायाधिकरणाचा दृष्टिकोन उचलून धरला. विशिष्ट बसने विशिष्ट पद्धतीने अपघात केला, याचा काटेकोर पुरावा दावेदाराला देता येईलच असे नाही. शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहायचे, असे त्यात स्पष्ट झाले. तेव्हापासून देशभरची न्यायाधिकरणे हा निकाल पुन्हा पुन्हा उद्धृत करतात.

आता पैशाचे. हरियाणात सरकारी बसच्या धडकेत गेलेल्या माणसाची विधवा आणि मुलगी कोर्ट फी भरू शकत नव्हत्या. निर्धन अर्जदार म्हणून फी माफ करावी, ही त्यांची मागणी उच्च न्यायालयाने मान्य केली. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या सरकारच्या बसखाली माणूस गेला, तेच सरकार त्याच्या विधवेकडून फी वसूल करण्यासाठी दिल्लीपर्यंत भांडले. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारची याचिका फेटाळली आणि निर्धनांसाठी असलेली दिवाणी संहितेची सवलत या न्यायाधिकरणांनाही लागू आहे, हे कायम केले. गरिबाला कोर्टाची पायरी परवडली पाहिजे ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. मुंबई राज्याने १९४९ मध्येच न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्याचा विचार करणारी समिती नेमली होती. घटनेत अनुच्छेद ३९-अ १९७६ च्या दुरुस्तीने आला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, म्हणजे त्या समितीपासून ४६ वर्षे गेली.

या कायद्याच्या कलम १२ मधली एक गोष्ट अजून घरोघर पोचलेली नाही. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बालकांना, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना आणि अपंगांनाही नाही. घाटात नवरा गमावलेली बाई, मग ती शेतमजूर असो की शिक्षिका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे हक्काने वकील मागू शकते. वकील परवडत नाही म्हणून ओळखीच्या कुणाला भरपाईतला वाटा कबूल करण्याची तिला गरज नाही.

सध्याच्या नियमांत पोलिसांवरही जबाबदारी आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. कायद्याने असा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरायचा आहे. हे नीट पाळले गेले तर जखमीला वणवण करावी लागणार नाही. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. १९८२ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा मृत्यूसाठी ५ हजार आणि गंभीर दुखापतीसाठी १ हजार मिळत.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणाला घाटात अपघात झाला, तर एफआयआरची आणि पंचनाम्याची नक्कल, गाडीचा क्रमांक, विमा पॉलिसीचा तपशील आणि दवाखान्याचे सारे कागद पहिल्या आठवड्यातच गोळा करा. पोलिसांचा अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला का, ते विचारा, पण त्यावर विसंबून राहू नका. सहा महिने उलटण्याच्या आत स्वतःचा दावा दाखल करा. तो तुमच्या राहत्या गावच्या न्यायाधिकरणातही करता येतो. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.