सुका कचरा : घरापासून कारखान्यापर्यंत

घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा ठाणे महानगरपालिकेत, तर डोंबिवलीचा मानपाडा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडतो. कचऱ्याचा केंद्रीय नियम मात्र दोहोंस एकच. ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. घंटागाडीतील ओला कचरा खतासाठी वा बायोगॅससाठी जातो. सुक्या कचऱ्यातून कागद, काच, धातू, प्लास्टिक हातांनी निवडले जाते व भंगार व्यापाऱ्यांमार्फत कारखान्यांत पोहोचते. खरकट्याने भिजलेला कागद कवडीमोल ठरतो. उघडी फुटकी काच निवडणाऱ्याचा हात कापते. मिश्र कचरा साठवणारी कल्याणची आधारवाडी क्षेपणभूमीही २०२१ मध्ये बंद झाली. म्हणून बाटली विसळावी, फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्यावी.