कार्ट्रिज-पुनर्भरण, इंकजेट

इंकजेट प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज शाई भरून पुन्हा वापरात आणण्याची प्रक्रिया. तंत्र कार्ट्रिजच्या रचनेप्रमाणे बदलते. एचपीच्या अनेक घरगुती प्रिंटरांत शाई कागदावर उडवणारे हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. एप्सनमध्ये ते प्रिंटरमध्येच कायम बसवलेले असते. कॅननने दोन्ही प्रकार वापरले.

रचना व भरणा : कॅननची सुटी टाकी (उदा., बीसीआय-६, सीएलआय-८; सुमारे १३ मिलि.) अभ्यासाला सर्वांत सोयीची, कारण आतले बरेचसे काम बाहेरून दिसते. तिचे दोन कप्पे असतात : एकात स्पंज, दुसऱ्यात मोकळी शाई. मधल्या भिंतीला तळाशी फट असते. स्पंजातली शाई हेडकडे गेली, की स्पंजाच्या बाजूने आलेली हवा त्या फटीतून मोकळ्या कप्प्यात शिरते आणि तेवढीच शाई स्पंजात उतरते. पक्ष्यांसाठी पालथ्या घातलेल्या बाटलीतून वाटीत पाणी उतरावे तसे. म्हणून मोकळा कप्पा हवाबंद राहणे अत्यावश्यक. भरताना खालचे तोंड झाकून, वरची प्लॅस्टिकची गोळी काढून सिरिंजने सावकाश शाई सोडतात व छिद्र घट्ट बंद करतात. बूच किंचित सैल राहिले तरी शाई ठिबकते. ‘शाई हलकी होती’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे बूचच असते.

पातळीचे मापन : टाकीच्या तळाशी प्रिझम असतो. शाई असेतो प्रकाश तिच्यात निघून जातो. मोकळा कप्पा रिकामा होताच प्रकाश परावर्तित होऊन संवेदकावर पडतो. खरे मापन एवढेच. स्पंजातली उरलेली शाई थेंबांच्या हिशेबाने अंदाजली जाते. सीएलआय-८ (२००५) वरील चिप हा हिशेब लक्षात ठेवते. त्यामुळे नुकती भरलेली टाकीही रिकामी दाखवली जाते. शाई संपल्याची सूचना आल्यावर प्रिंटरवरील रिझ्यूमचे बटण किमान पाच सेकंद दाबून धरल्यास त्या टाकीची देखरेख बंद होऊन छपाई चालू राहते. पुढे लक्ष ठेवणे वापरणाऱ्याकडे. टाकी काट्यावर तोलणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय. हे लक्ष ठेवणे गरजेचे, कारण कॅननसारख्या उष्णतेवर चालणाऱ्या हेडमध्ये शाईच तापकाला थंड ठेवते, त्यामुळे कोरडी छपाई झाल्यास हेड जळते. एप्सनच्या पीझो (उष्णतेऐवजी यांत्रिक दाबाने शाई ढकलणाऱ्या) हेडला हा धोका नाही, मात्र हवा अडकून छपाईत रेघा पडतात. एप्सनच्या चिपवरील हिशेब पुन्हा सुरुवातीला आणणारे रिसेटर मिळतात.

शाई : डाय (विरघळलेल्या रंगाची) व पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई एकमेकींत मिसळू नये.

कायदा : जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पुन्हा भरलेल्या कॅनन टाक्यांच्या आयातीला पेटंटभंग ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजबाबत विक्रीनंतर पेटंटहक्क संपतो असे म्हटले. दोन्ही खटल्यांची तथ्ये सारखी नाहीत.

मोठ्या टाक्यांचे प्रिंटर : एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात आणले, पुढे भारतातही रुळले. बाटलीने शाई ओतायची आणि पातळी टाकीवरील रेषेशी पाहायची. किमान रेषेखाली शाई जाऊ दिल्यास नळीत हवा शिरते.