जुन्या सायकलीचे आटे



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी यायच्या, असा आपला रिवाज आहे. आम्ही आज एका नटाची वंशावळ सांगणार आहो. युनियनच्या कामातली आमची उमेदीची वर्षे सायकलीवर गेली. पत्रके, पावतीपुस्तके, संपातल्या दिवसांतल्या भाकऱ्या, सारे तिच्याच कॅरिअरवरून गेले. शाळा नववीत सुटली. व्यवहारी अपूर्णांक आम्हांला पुढे पान्यांनीच शिकवले.

प्रश्न साधा आहे. १९५२ साली नॉटिंगहॅमला झालेली रॅले सायकल आज घरच्या ओसरीवर, चार पाने आणि वाटीभर रॉकेल घेऊन, पार मोकळी करता येते आणि पुन्हा जुळवता येते. हे कसे? आपल्या पुण्यातील म्हातारी मंडळी सांगतात, ‘विलायती लोखंड!’ लोखंड चांगले होते, हे खरे. परंतु गंजलेला तुकडा बदलण्यासाठी लोखंड कामास येत नाही. तेथे दुसऱ्याने केलेला तुकडा बसावा लागतो. तो बसतो, कारण आट्यांबद्दल माणसांचे एकमत झाले होते.

१८४१ पूर्वी प्रत्येक इंग्रज कारखाना आपापले आटे पाडी. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल तर शपथ! जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मापे घेतली आणि पंचावन्न अंशांचा कोन व जाडीनुसार इंचातले आटे ठरवून दिले. स्टार्लेची ‘रोव्हर’ १८८५ ची, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. सायकलीची नळी पातळ. तिला व्हिटवर्थचे जाड आटे सोसत ना. म्हणून १९०२ साली सायकल-अभियंत्यांच्या संस्थेने साठ अंशांचे बारीक आटे ठरवले, बहुतेक जागी इंचाला २६.

यात बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.चा वाटा विसरता येत नाही. १८६१ साली बंदूक करणाऱ्या कारागिरांनी ती कंपनी काढली, ती यंत्रावर एकसारखे भाग पाडण्यासाठी. बंदुकांना मागणी मंदावली तेव्हा तीच यंत्रे सायकलीच्या भागांना जुंपली गेली. लहान दुकानदार हे भाग विकत घेऊन आपली सायकल उभी करी. तीन बंदुकांचे ते चिन्ह आपण लहानपणी बोटाने गिरवले असेल.

येथे आम्ही जरा थांबतो. भाग बदलता येऊ लागला, तसा तो करणारा माणूसही बदलता येऊ लागला. कानशीने प्रत्येक तुकडा जुळवणारा फिटर मागे पडला आणि नगावर मजुरी घेणारा यंत्रावरचा मजूर पुढे आला. अॅलन सिलिटो हा लेखक पोरवयात रॅलेच्या कारखान्यात राबला. त्याच्या १९५८ च्या कादंबरीचा नायक नॉटिंगहॅमच्या सायकल-कारखान्यात लेथवर उभा असतो, आणि फार भराभर काम केले तर दर कापला जाईल म्हणून हात आवरून घेतो. ज्या भागाच्या सुबकपणाने आज आपण हरखतो, त्याच्यापुढे असा हिशेब करणारा कोणी उभा होता. त्याचे नाव त्या भागावर नाही.

आता एकमतातली फूट सांगतो, कारण घरी काम करणाऱ्याचा घात तेथेच होतो. पायडलांच्या मधली नळी, जिला आपले कारागीर ‘बी.बी.’ म्हणतात, तिचे आटे बहुतेक इंग्रज सायकलींत इंचाला २४ झाले. रॅलेने मात्र आपल्या कारखान्यात २६ च ठेवले. व्यास जवळजवळ सारखाच. त्यामुळे बाजारातला कप दोन-तीन वळसे सुखाने आत जातो आणि मग अडतो. ‘गंज असेल’ म्हणून लांब पान्याने जोर लावला की नळीचे आटे गेलेच! एका कपाच्या किमतीत सबंध सांगाडा बाद होतो. तेव्हा जुना कप खिशात घालूनच दुकानात जावे. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो आणि डावे पायडलही उलटेच. चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून ही योजना आहे. क्रँकची कॉटर काढताना नट पुरता काढू नये, टोकाशी बरोबरीत ठेवावा, म्हणजे आटे ठेचत नाहीत. क्रँकखाली जाड नळीचा टेकू द्यावा. टेकूविना ठोकले तर घाव छर्ऱ्यांवर जातो आणि कपात खळगे पडतात. छर्रे पाव इंची, बाजूस अकरा.

भारतात मद्रासेत १९४९ साली टी.आय. सायकल्स आणि आसनसोलजवळ १९५२ साली सेन-रॅले निघाली. त्या सायकली आपल्याकडच्या कामगारांनी पाळीला जाण्यासाठी घेतल्या आणि मुलांना दिल्या. अलीकडे हौशी लोक त्या घेऊन सगळ्यावर नवा मुलामा चढवतात. हे आम्हांला पसंत नाही. स्टर्मे-आर्चरच्या तीन गिअरच्या ‘ए डब्ल्यू’ हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ‘५२ ४’ म्हणजे १९५२ चा एप्रिल. घासूनपुसून तो अंक गेला की त्या सायकलीचा जन्मदाखलाच गेला.

हे हब १९३६ पासूनचे. नॉटिंगहॅमचा कारखाना २००० साली बंद पडला, मजूर घरी बसले आणि नाव व यंत्रे तैवानच्या सनरेसने घेतली. तिथे ते अजून होते, व काही सुटे भाग जुन्यातही बसतात. हबला पातळ यंत्रतेलाचे चार थेंब पुरेत. ग्रीसने आतले खटके चिकटतात, आणि खोबरेल तर पुण्याच्या थंडीत थिजते. गिअर नीट लागत नसेल तर हब उघडण्याची घाई नको. मधला गिअर लावा, उजव्या नटाच्या भोकातून डोकावा, आणि आतल्या दांडीचे टोक अॅक्सलच्या टोकाशी बरोबरीत येईपर्यंत साखळीची गुंडी फिरवा.